गळतं, झिरपतं की घाम?

आमच्या घरमालकांसमोर 'लीक' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. कुणीतरी पोरगा पाठीवर तंबूची गुंडाळी घेऊन कर्वेनगरातल्या आमच्या इमारतीचे जिने चढून यायचा, धापा टाकत बेल दाबायचा आणि म्हणायचा, "काका, तंबू लीक होतोय." काका दार अर्धंच उघडायचे आणि चष्म्याच्या वरून त्याला न्याहाळायचे.

"म्हणजे नक्की काय होतंय?"

"म्हणजे, पाणी येतंय आत."

"पाणी नळाला येतं. तंबूचं सांगा. गळतं, झिरपतं, की घाम येतो?"

पोरगा माझ्याकडे बघायचा. मी मागे टेबलाशी पोहे खात बसलेली असायची आणि मला मदत करायची मुभा नसायची. मग तो अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचा, "गळतं बहुतेक." संपलं. 'बहुतेक' ऐकलं की काका दार लावायला लागायचे. "पुढच्या शनिवारी पुन्हा त्यात झोपा. नीट बघा, आणि मग या. मी कुठे जात नाही."

खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नव्हता, विचारायची तऱ्हा तेवढी होती. त्यांच्या हिशेबी गळणं म्हणजे शिवणीतून. शिवताना सुईने जी भोकं पडतात त्यांतून पाणी आत येतं आणि एकाच जागी थेंब थेंब पडत राहतं. झिरपणं म्हणजे कापडातून. कापडावरचा पाणी अडवणारा लेप म्हातारा झाला, सोलवटला, की अख्खा पट्टाच ओला होतो. आणि घाम म्हणजे पाणी बाहेरून आलेलंच नाही. आत झोपलेल्यांच्या श्वासाची वाफ गार कापडाला लागते आणि त्यांच्याच अंगावर परत ठिबकते. गळतं त्याला शिवणीवर सिलिकॉन, झिरपतं त्याला नवा लेप, आणि घामाला झडप उघडी ठेवायची, बाकी काही नाही.

"आणि तुम्ही तिन्हीला लीक म्हणता," काका म्हणायचे. "डॉक्टरकडे जाऊन 'बॉडीत प्रॉब्लेम आहे' असं सांगता का?"

शंभरातले नव्वद तंबू गळत नसतात, त्यांना घाम आलेला असतो, असं त्यांचं ठाम मत होतं. हा निकाल ते ज्या थाटात द्यायचे तो थाट मला अजून आठवतो. तंबू उलटापालटा करून, शिवणींवरून अंगठा फिरवून, शेवटी चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "तंबू ठीक आहे. तुम्ही गळताय."

हे सगळं त्यांच्या नोकरीतून आलं होतं. काका एका विमा कंपनीत होते आणि पाण्याने नुकसान झालं की जाऊन पाहणी करायचे. कुणाच्या गोदामात पाणी शिरलेलं, कुणाच्या दुकानातली साड्यांची गाठोडी भिजलेली. काकांनी जाऊन फक्त एवढंच ठरवायचं की पाणी फुटून आलं, तुंबून आलं, की भिंतीतून पाझरून आलं. फुटलं तर दावा मंजूर, पाझरलं तर नामंजूर. एका क्रियापदावर माणूस हसत जायचा नाहीतर शिव्या देत. त्यांचे अहवाल काकू तपासायच्या. काकू शाळेत मराठी शिकवायच्या, त्यामुळे त्या म्हणायच्या, "क्रियापदं सगळी माझी, यांचं नुसतं पाणी."

मी त्यांच्याकडे मागच्या खोलीत भाड्याने राहिले. नोकरी खराडीला आणि खोली कर्वेनगरात, म्हणजे रोज पुणं उभं कापायचं. पण कॉलेज इथलंच, त्यामुळे पाय इकडेच वळत. खोली शोधताना मला एक गोष्ट पाठ झाली होती. फोनवर सगळं ठरायचं. प्रत्यक्ष गेलं की चहा यायचा, चहाबरोबर आडनावाची चौकशी यायची, आणि आडनाव सांगितलं की खोली 'अहो, कालच एकांना दिली' अशी निघायची. आमच्या आजोबांनी धम्म घेतला, बाबा सरकारी कचेरीत अधिकारी होऊन निवृत्त झाले, आणि मी खराडीच्या काचेच्या इमारतीत बसते, तरी आमचं आडनाव आमच्या आधी जिना चढतं. मी मुळातच चिडकी. पुढे पुढे मी दारातच आडनाव सांगून टाकायला लागले, म्हणजे निदान त्यांचा चहा तरी वाचावा.

इथेही दारातच सांगितलं. काका म्हणाले, "ते असू दे. ओले कपडे खोलीत वाळत घालता का?"

मी म्हटलं, नाही. खिडकी उघडी ठेवता का, म्हणाले. हो म्हटलं. खोली मिळाली. मी भांडायची तयारी करून आले होते, ती तयारी तशीच अंगात राहिली आणि दोन दिवस उगाचच मान दुखत होती.

सामान लावताना मी आईने दिलेली बुद्धाची तसबीर पलंगाच्या डोक्याशी लावायला घेतली. हातोड्याचा आवाज ऐकून काका दारात आले. तसबिरीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मनात म्हटलं, आलं आता. काका म्हणाले, "ती पश्चिमेची भिंत आहे. पाझरते. तसबीर खराब होईल, समोर लावा." आणि स्वतः जाऊन खिळा घेऊन आले. मला फार बरं वाटलं. रात्री आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग भाडं वेळेवर दे हो."

गॅलरी हे त्यांचं राज्य. काकू तिकडे पाय ठेवत नसत, कारण ठेवायला जागाच नव्हती. बेसिनच्या कडेला लावायचं पारदर्शक सिलिकॉन मिळतं ना, त्याच्या नळ्या. टर्पेंटाइनची बाटली. श्रीखंडाचे रिकामे डबे. डब्यात सिलिकॉन पिळायचं, टर्पेंटाइन घालून पातळ मधासारखं होईपर्यंत ढवळायचं, मग तंबू ताणून उभा करून प्रत्येक शिवणीवर बारीक ब्रशने ते भरायचं, जास्तीचं लगेच पुसून घ्यायचं आणि वाळू द्यायचं. तंबू ताणलेलाच हवा, म्हणजे सुईची भोकं तोंड उघडून बसतात आणि सिलिकॉन त्यांत उतरतं. सिलिकॉन वाळताना त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. त्यामुळे बारा महिने घरात कुणीतरी लोणचं घालतंय असं वाटायचं. पाहुणे म्हणायचे, "कैरीचं का?" काकू म्हणायच्या, "तंबूचं."

वाळलेल्या शिवणी चिकट राहतात, घडी घातली की एकमेकींना बिलगतात. म्हणून शेवटी त्यांवर टाल्कम पावडर मारायची. ती पावडर काकूंची. काकू लग्नाला निघाल्या की डबा हलवून बघायच्या आणि मग गॅलरीच्या दिशेने म्हणायच्या, "आज मंगल कार्यालयात मी तशीच जाते. तुमचा तंबू मात्र नटून बसलाय." ब्रशचा आवाज तेवढा थांबायचा.

तंबू मोठा असला की गच्चीवर उभा करायचा. मग झारीने त्यावर पाणी घालायचं आणि आत काका उताणे, कपाळावर टॉर्च बांधून. पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत. दारावर पाटीही नव्हती. कर्वेनगरात राहून दारावर पाटी न लावणारा माणूस मी हा एकच पाहिला. विचारलं तर म्हणाले, "पाटी लावली की लोक पाटीचाच फोटो काढून जातात. तंबू कोण आणणार?"

गिऱ्हाइकांत एकेक नमुने. एका मुलाच्या आईने तंबू वॉशिंग मशीनमध्ये घातला, वर इस्त्री केली आणि चौकोनी घडी घालून त्याच्या हातात दिला. मुलगा दारात उभा, तंबू कडक इस्त्रीचा, लेप जागोजागी उचललेला. काकांनी घडी उलगडली, लेपावरून अंगठा फिरवला आणि पुन्हा त्याच इस्त्रीच्या रेषांवर घडी घातली. मग म्हणाले, "आईंना माझा नमस्कार सांगा. आणि पुढच्या खेपेला शर्ट आणा, तंबू आणू नका."

आमच्या ऑफिसातला एकजण लखनौकडचा. मी काकांचं नाव सांगितलं म्हणून आपला तंबू घेऊन आला. काकांनी हिंदीत विचारायचं ठरवलं. काकांची हिंदी ही मराठीच होती, फक्त तिला 'है' लावलेलं. "गलता है, झिरपता है, की घाम आता है?" तो गोंधळून म्हणाला, "नहीं अंकल, गलता कैसे? टेंट है, आइस्क्रीम थोड़ी है." काका माझ्याकडे वळले. "काय म्हणतात हे?" मी सांगितलं की त्यांच्यात गलना म्हणजे वितळणं, आणि घाम म्हणजे ऊन. काका खुर्चीवर बसले. एवढ्या मोठ्या देशात तंबूचं एकमत कसं व्हायचं, या काळजीत त्यांनी तो तंबू प्रश्न न विचारता ठेवून घेतला. असा मान आधी कुणालाच मिळाला नव्हता.

वजनाचं वेड हे दुसरं. तंबू हलका हवा, कारण वय वाढतंय आणि गड काही खाली येत नाहीत, असं ते म्हणत. कापडावरची नावं उसवून काढत, नाड्यांची टोकं छाटत, दात घासायचा ब्रश अर्धा कापून वापरत. घरातला काटा त्यांना पटत नसे. म्हणून तंबू घेऊन खाली भाजीच्या गाडीवर जायचे. भाजीवाल्या मावशी तंबू तराजूत टाकायच्या आणि विचारायच्या, "काय देऊ यावर?" तंबू दोन जुड्या मेथीपेक्षा हलका भरला त्या दिवशी काका खुशीत वर आले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पिशवीतलं वजन कमी झालं. आता पोटाचं बघा."

काकू तंबूत कधी झोपल्या नव्हत्या असं मात्र नाही. एकदा झोपल्या होत्या. ती गोष्ट त्या मला भाजी निवडताना सांगायच्या, आणि काका गॅलरीत असतील तर जरा मोठ्याने. लग्न होऊन काही महिने झाले होते. काकांनी मित्राकडून जाड कापडाचा तंबू मागून आणला आणि नव्या बायकोला पानशेतच्या धरणाकाठी घेऊन गेले. रात्री काकूंच्या कपाळावर थेंब पडला. त्या म्हणाल्या, "अहो, गळतंय." काका झोपेत म्हणाले, "गळत नाहीये. तुझ्याच श्वासाचा घाम आहे तो." थेंब पडत राहिले. घाम आहे, घाम आहे, असं काका सांगत राहिले. सकाळी काकू उठल्या तेव्हा त्यांची वेणी पिळता येत होती.

"नवी नवरी अंगावर पाणी घेऊन बसलीये," काकू म्हणायच्या, "आणि हा माणूस सांगतोय, तूच गळतेस. त्या दिवशी ठरवलं, यांच्याबरोबर पुन्हा छपराबाहेर झोपायचं नाही."

आणि त्या झोपल्या नाहीत. काका पोरांबरोबर गडांवर गेले, मित्रांबरोबर गेले, एकटेही गेले. काकू डबा भरून द्यायच्या आणि दारातून अच्छा करायच्या. काकांनी बोलावणं सोडलं नव्हतं. दर पावसाळा संपत आला की जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हणायचे, "या वेळी येतेस का?" काकू म्हणायच्या, "भात घेता का?" मला हळूहळू कळलं की ही गॅलरी, हे डबे, ही लोकांची फुकटची तंबूदुरुस्ती ज्या एका गिऱ्हाइकासाठी चालली होती, ते गिऱ्हाईक रोज स्वयंपाकघरात विळीवर बसलेलं असायचं. या माणसाला आयुष्यात बाकी काही नको होतं. बायकोने एकदा, एकदाच, त्यांच्या तंबूत कोरडं झोपावं.

त्या वर्षी काकांनी स्वतःच तंबू शिवला. सिलिकॉन लावलेलं पातळ कापड मागवलं, कसबा पेठेत पायी फिरून पाण्यात न कुजणारा दोरा आणि बक्कल शोधले, आणि काकूंच्या शिलाई मशीनवर बसले. काकू बाहेर बसून मशीनचा आवाज ऐकायच्या आणि म्हणायच्या, "टाका मोठा पडतोय." तो बरोबर मोठा पडत असायचा. तंबू झाला तेव्हा काकांनी विचारलं, "या वेळी येतेस का?" या वेळी काकूंनी भाताचं विचारलं नाही.

"गच्चीपर्यंत येईन," त्या म्हणाल्या. "दुपारची झोप तिथे घेईन, भर पावसात. गच्ची म्हणजे घरच. पण अंगावर एक थेंब पडला, एक, तर गॅलरी रिकामी करायची. नळ्या, डबे, सगळं. मला तिथे खुर्ची टाकून पेपर वाचायचाय."

"आणि नाही पडला तर?"

"तर येईन तुमच्या त्या धरणावर."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही टेस्टर ना? मग तुम्ही पंच." माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याला गोड शब्दांत सांगायच्या, असं मी त्यांना एकदा समजावलं होतं. तेव्हा त्यांना एवढंच कळलं नव्हतं की गोड शब्दांत कशाला.

रविवार ठरला. श्रावणातला पाऊस, सकाळपासून एका लयीत लागलेला. जेवणं उरकली. काकूंनी उशी घेतली, काकांनी तंबू. मी गच्चीच्या दाराशी, जिन्यावरच्या पत्र्याखाली खुर्ची टाकून बसले. तंबू टाकीच्या आडोशाला उभा होता, करड्या रंगाचा, आणि नवराबायको गुडघ्यांवर रांगत आत शिरले. चेन लागली. थोडा वेळ कुजबुज ऐकू आली. "पाय तिकडे घ्या." "हे काय टोचतंय?" "चष्मा दे इकडे." मग पावसाचाच आवाज राहिला, आणि नंतर त्यात काकांच्या घोरण्याचा.

दोनच्या सुमारास सोसायटीचे अध्यक्ष छत्री घेऊन टाकी बघायला वर आले. त्यांनी तंबूकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आत कोण आहे?"

मी सांगितलं.

"दोघं?" अध्यक्षांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग ते तंबूशी जाऊन जरा वाकून म्हणाले, "अहो, हे बरं दिसत नाही. हे सोसायटीच्या नियमात बसत नाही."

घोरणं थांबलं. आतून काकांचा आवाज आला, "आम्ही बसलेलो नाही. आडवे आहोत. चार वाजता या."

"पण गच्चीवर असं..."

"दुपारी एक ते चार आम्ही घरातही कुणाला भेटत नाही," आतून काकूंचा आवाज आला. अध्यक्ष माझ्याकडे बघून खांदे उडवत खाली गेले. आत दोघं हसल्याचा आवाज आला, दबका, उशीत तोंड खुपसल्यासारखा. ते दोघं एकत्र हसताना मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. एरवी एकजण बोलायचं आणि दुसरं गप्प बसायचं.

चारच्या आधीच पाऊस उघडला. चेन उघडली आणि काकू बाहेर आल्या, केस नीट करत, चेहरा झोपेने सुजलेला. त्यांनी वळून उशी ओढून घेतली तेव्हा मला दिसलं. डाव्या खांद्यावर पदर ओला होता. बशीएवढा.

मागून काका आले. त्यांनाही दिसलं. ते परत गुडघ्यांवर बसले आणि आत गेले. बराच वेळ आलेच नाहीत. मी आणि काकू तिथेच उभ्या. काकू पदराची ओली बाजू आत मुडपत होत्या, मी बघितलं नाही असं समजून.

काका बाहेर आले ते हातात एक नाडी घेऊन. नाडी नव्हे, नाडीचा छोटासा फास.

"गळलं," ते म्हणाले.

घडलं होतं ते असं. सगळ्या शिवणी भरून झाल्या, वाळल्या, पावडर मारून झाली. आणि त्या दिवशी सकाळी काकांच्या मनात आलं की ही चष्मा कुठे ठेवणार? उशाशी ठेवला तर अंगाखाली येतो. म्हणून त्यांनी छताच्या मधल्या शिवणीत आतून तो फास शिवला, चष्मा अडकवायला. भरलेल्या शिवणीतून पुन्हा सुई घातली, नवी भोकं पाडली, आणि ती वरून बुजवायची राहून गेली. दोरा पाणी ओढतो. हे ज्यांनी अख्ख्या पुण्यातल्या पोरांना दारात उभं करून शिकवलं, त्यांनी बायकोच्या डोक्यावर बरोबर मधोमध भोक पाडून ठेवलं होतं.

"फासाच्या दोऱ्यातून गळलंय," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. "उद्या गॅलरी रिकामी करतो."

"कुठे गळलं?" काकू म्हणाल्या. "घाम आहे तो."

काकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "घाम कसा असेल? मी बघून आलोय. दोरा ओला आहे."

"तुम्ही तोंड उघडं टाकून घोरत होतात. त्याची वाफ."

"अगं, वाफ एका जागी पडत नाही. एका जागी पडतं ते गळणं. मी आयुष्यभर हेच..."

"मी आयुष्यभर मराठी शिकवलंय. घाम कशाला म्हणतात ते मला कळतं."

"थेंब चष्म्यावर पडलाय."

"चष्म्याला घाम आला."

काका लालबुंद झाले. जिंकत असलेला माणूस इतका चिडलेला मी पाहिला नाही. हरायचा हक्क त्यांना हवा होता आणि तो त्यांना कुणी देत नव्हतं. शेवटी ते माझ्याकडे वळले. "पंच काय म्हणतात? स्पष्ट सांगा."

काकू काकांच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. शाळेत वर्गाला गप्प करताना बघत असतील तसंच. मला घरात राहायचं होतं.

मी म्हटलं, "काका, आमच्याकडे चूक पुन्हा घडवून दाखवता आली तरच धरतात. पाऊस थांबलाय. आता काही सिद्ध होत नाही."

"झारीने पाणी घालू."

"झारी मी खाली नेली," काकू म्हणाल्या. "कुंड्यांना लागते. चहा टाकते, या." आणि उशी बगलेत मारून जिना उतरल्या. काका गच्चीवर तसेच उभे राहिले, तो फास बोटांत फिरवत. मी तंबू उतरवायला मदत केली. घडी घालताना ते एकदाच बोलले, "असला अहवाल मी कधी दिला नसता." मी म्हटलं, खरंय. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते माझ्याकडे बघायचं टाळत होते, म्हणून मीही कापडाकडेच बघत राहिले.

पुढचा आठवडा त्यांनी तंबूवर काढला. फासाचा उरलेला दोरा उसवला, भोकं बुजवली, मग जवळजवळ सगळ्याच शिवणी पुन्हा भरल्या, वाळवल्या, झारीखाली तपासल्या. कुणी पोरगा दारात आला की काका आतूनच म्हणायचे, "ठेवून जा." प्रश्न नाहीत, काही नाही. पोरांना वाटलं काका आजारी आहेत. काकू मात्र कपाटातून स्वेटर काढून ऊन दाखवत होत्या, हे तर ते बघतच होते.

शनिवारी दोघं पानशेतच्या बसने गेले. तीच जागा, तेच धरण. त्या रात्री पुण्यात पाऊस झाला आणि मी खिडकीशी बसून उगाच काळजी केली. इतकी वर्षं चुका शोधून पगार घेतला, पण चूक निघू नये म्हणून जीव इतका कधी टांगणीला लागला नव्हता.

रविवारी दुपारी जेवणाच्या वेळेला दोघं परत आले. काका सरळ गॅलरीत गेले आणि तंबू दोरीवर टाकायला लागले. काकू खुर्चीत बसल्या, चपला काढल्या, पाय चोळायला लागल्या. मी पाणी आणून दिलं. विचारू की नको असं झालं होतं.

"काय, काकू? कोरडं?"

"ठणठणीत."

"झोप लागली?"

"मला लागली की. गाढ." त्यांनी गॅलरीकडे बघितलं आणि आवाज थोडा खाली घेतला. "पहाटे जाग आली तर हे उताणे. डोळे टक्क उघडे, आणि एक हात वर, छताला, माझ्या डोक्याच्या बरोब्बर वर, तळवा उघडा. थेंब पडलाच तर आधी हातावर पडावा म्हणून. रात्रभर तसेच होते बहुतेक. काय करताय म्हटलं, तर म्हणे, काही नाही, तू झोप."

"मग?"

"मग मी तो हात खाली ओढला. चाचपून पाहिला. कोरडा होता."

"आणि मग?"

काकूंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आणि मग काय. धरलाच होता, तर राहू दिला."